आधी गावाची, मग पाहुण्यांची : वनजिल्ह्यांतील सामुदायिक मिनीबसचा विचार

चंद्रपूर आणि गडचिरोली या महाराष्ट्राच्या पूर्व टोकावरील दोन वनजिल्ह्यांत पाहण्यासारखे जे आहे, ते एका ठिकाणी एकवटलेले नसून नद्यांच्या काठाने, तलावांच्या भोवती आणि साग-बांबूच्या जंगलांत दूरदूर विखुरलेले आहे, आणि म्हणूनच येथील पर्यटनाचा मूळ प्रश्न निवासाचा किंवा प्रसिद्धीचा नसून वाहतुकीचा आहे. ज्याच्याकडे स्वतःची मोटार आहे किंवा जो नागपूरहून भाड्याची गाडी करू शकतो, त्याला ताडोबाचा वाघ, मार्कंड्याची मंदिरे आणि हेमलकसाचा प्रकल्प पाहता येतो. ज्याला हे परवडत नाही, असा शिक्षक, विद्यार्थी किंवा निवृत्त कर्मचारी मात्र रेल्वेस्थानकावर किंवा बसस्थानकावर उतरल्यानंतर पुढच्या वीस-तीस किलोमीटरसाठी अडून राहतो. नेमक्या त्याच वीस-तीस किलोमीटरांत राहणारा गावकरीही दवाखाना, महाविद्यालय आणि आठवडी बाजार यांच्यासाठी रोज अडलेला असतो. या दोन अडचणी वेगवेगळ्या मानल्या गेल्यामुळे त्यांपैकी एकही नीट सुटलेली नाही. त्या एकत्र मांडल्या, तर गावाने चालवलेली आणि पाहुण्यांनाही नेणारी लहान बस, म्हणजेच सामुदायिक मिनीबस, हा त्यांवरचा व्यवहार्य उपाय ठरू शकतो.

विरळ वस्ती आणि लांबलचक रस्ते

२६ ऑगस्ट १९८२ रोजी जुन्या चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १४,४१२ चौरस किलोमीटर असून त्याचा तीन चतुर्थांशाच्या आसपास भाग वनाच्छादित आहे, तर २०११च्या जनगणनेनुसार तेथे दर चौरस किलोमीटरला अवघी ७४ माणसे राहतात. त्याच जनगणनेत संपूर्ण राज्याची सरासरी ३६५ होती. वाहतुकीच्या दृष्टीने या आकड्यांचा अर्थ असा की, जेवढे अंतर कापल्यावर राज्यातील सर्वसाधारण बसला पाच प्रवासी मिळावेत, तेवढ्याच अंतरात गडचिरोलीतील बसला जेमतेम एक प्रवासी मिळतो, मात्र डिझेल, टायर आणि चालकाचे वेतन यांचा खर्च दोन्हीकडे सारखाच येतो.

रेल्वेची साथही अपुरी आहे. दिल्ली–चेन्नई हा मुख्य लोहमार्ग वरोरा, चंद्रपूर आणि बल्लारशाह या स्थानकांवरून जातो, तर गोंदिया–बल्लारशाह मार्ग वडसा, नागभीड आणि मूल यांना जोडतो. गडचिरोली जिल्ह्याला मात्र वडसा (देसाईगंज) हे एकच रेल्वेस्थानक दीर्घकाळ लाभले आहे आणि तेथून जिल्ह्याच्या मुख्यालयापर्यंतचा लोहमार्ग अजून बांधला जात आहे. दक्षिणेकडील अहेरी, एटापल्ली, भामरागड आणि सिरोंचा या तालुक्यांसाठी रस्त्यावाचून दुसरा मार्ग नाही. त्यातही भामरागडजवळची पर्लकोटा नदी पावसाळ्यात पुलावरून वाहू लागली की तालुक्याचा संपर्क तुटतो, आणि सूरजागडच्या लोहखनिजाची जड वाहतूक सुरू झाल्यापासून एटापल्ली–आलापल्ली परिसरातील रस्त्यांवर लहान वाहनांची सुरक्षितता हा एक स्वतंत्र प्रश्न झाला आहे.

एसटीचा कणा

या प्रदेशातील सार्वजनिक वाहतुकीचा कणा म्हणजे राज्य परिवहन महामंडळाची बस, जिला सर्वजण एसटी म्हणतात. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर तेव्हाच्या मुंबई राज्याची पहिली सरकारी प्रवासी बस धावली. विदर्भ त्या वेळी मध्य प्रांतात असल्याने तेथे वेगळी सरकारी परिवहन सेवा होती, आणि महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर १९६१मध्ये या सेवा एकत्र येऊन आजचे महामंडळ आकाराला आले. चंद्रपूर विभागात चंद्रपूर, राजुरा, वरोरा आणि चिमूर ही आगारे आहेत, तर गडचिरोली विभागात गडचिरोली, अहेरी आणि ब्रह्मपुरी ही आगारे येतात. आगार म्हणजे जेथून बसगाड्या सुटतात, जेथे त्यांची देखभाल होते आणि चालक-वाहकांच्या पाळ्या ठरतात ते केंद्र. अहेरीसारख्या एका आगाराच्या वाट्याला दक्षिण गडचिरोलीचा केवढा विस्तार येतो, हे नकाशा पाहिल्यावर सहज ध्यानात येते.

एसटीने वनप्रदेशासाठी केलेले काम मोठे आहे आणि ते मान्य करूनच पुढचा विचार करावा लागतो. संध्याकाळी गावात येऊन रात्री तेथेच थांबणारी आणि पहाटे तालुक्याकडे निघणारी मुक्कामी गाडी, मानव विकास कार्यक्रमाखाली राज्यातील १२५ मागास तालुक्यांत विद्यार्थिनींसाठी सुरू झालेल्या निळ्या बसगाड्या, ऑगस्ट २०२२पासून ७५ वर्षांवरील नागरिकांना मिळालेला मोफत प्रवास आणि मार्च २०२३पासून महिलांना मिळालेली तिकिटातील निम्मी सवलत, या सर्वांचा लाभ जंगलातील गावांना झाला आहे. जेथे स्वातंत्र्यानंतर कधीच बस पोहोचली नव्हती, अशा एटापल्ली तालुक्यातील गट्टा–गर्देवाडा–वांगेतुरी मार्गावर १ जानेवारी २०२५ रोजी एसटी सुरू झाली आणि त्याच वर्षी धानोरा तालुक्यातील कटेझरीलाही पहिली बस मिळाली. नक्षलवादाच्या दीर्घ सावटातून बाहेर पडणाऱ्या या गावांसाठी बसचे येणे म्हणजे शाळा, रुग्णालय आणि बाजार यांचे दार उघडणे होय.

तरीही मोठ्या बसला काही मर्यादा आहेत. एसटीच्या व्यवहारात ‘भारमान’ ही महत्त्वाची संज्ञा आहे. बसमधील उपलब्ध आसनांपैकी किती आसने प्रत्यक्ष भरली, याचे ते प्रमाण होय. विरळ वस्तीच्या मार्गावर भारमान घसरले की फेरी तोट्यात जाते, तोटा वाढला की फेऱ्या कमी होतात, फेऱ्या कमी झाल्या की उरलेले प्रवासीही दुचाकीकडे किंवा काळीपिवळीकडे वळतात, आणि भारमान आणखी घसरते. काळीपिवळी म्हणजे विदर्भात गावोगावी धावणारी, अनेकांनी मिळून बसायची प्रवासी जीप. ती गरजेला धावून येते हे खरे, पण पुरेसे प्रवासी जमल्याशिवाय ती सुटत नाही, अनेकदा क्षमतेपेक्षा अधिक माणसे भरते आणि अंधार पडल्यावर मिळेलच याची खात्री नसते. परगावच्या पाहुण्याला तिच्या वेळा आणि थांबे कळण्याचा मार्गही नसतो.

ताडोबाने काय शिकवले

गावाने पाहुण्यांची वाहतूक सांभाळणे ही या प्रदेशाला अपरिचित कल्पना नाही. ताडोबा राष्ट्रीय उद्यान १९५५मध्ये स्थापन झाले, अंधारी अभयारण्य १९८६मध्ये घोषित झाले आणि १९९५मध्ये दोहोंचा मिळून ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प झाला. त्याचे गाभा क्षेत्र, म्हणजे वन्यजीवांसाठी कडक संरक्षण असलेला भाग, सुमारे ६२५ चौरस किलोमीटरचे असून त्याभोवती सुमारे १,१०० चौरस किलोमीटरचे बफर क्षेत्र आहे, ज्यात गावे, शेती आणि जंगल एकत्र नांदतात. जुलै २०१२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातील पर्यटनाला अंतरिम मनाई केली. ऑक्टोबरमध्ये ती उठवताना राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वे लागू झाली, ज्यांनी गाभ्यातील पर्यटन २० टक्के क्षेत्रापुरते सीमित केले आणि स्थानिकांच्या सहभागावर भर दिला.

त्यानंतरच्या काळात आगरझरी, देवाडा, जुनोना, अलीझंझा अशा बफरमधील प्रवेशद्वारांना महत्त्व आले. परिस्थितीकी विकास समिती, म्हणजे वनविभागाच्या साहाय्याने गावकऱ्यांनीच चालवलेली ग्रामपातळीवरील समिती, पर्यटनाच्या कामांत सहभागी झाली. गावातील तरुण जिप्सीचे मालक, चालक आणि मार्गदर्शक झाले, मोहर्लीच्या स्त्रिया मार्गदर्शक म्हणून काम करू लागल्या आणि पुढे स्त्रिया जिप्सीही चालवू लागल्या. पर्यटकांच्या गाडीचा पैसा गावात राहू शकतो आणि गावातील माणसे ती सेवा शिस्तीने चालवू शकतात, हे ताडोबाने अशा रीतीने सिद्ध केले आहे.

परंतु जिप्सीची व्यवस्था प्रवेशद्वाराच्या आत आहे. प्रवेशद्वारापर्यंत यायचे कसे, हा प्रश्न तिने सोडवलेला नाही. चंद्रपूरपासून मोहर्ली सुमारे तीस किलोमीटर आहे आणि या मार्गावर बहुसंख्य पाहुणे खासगी मोटारीने येतात. एका जिप्सीत सहा पर्यटक बसतात, म्हणजे तीन जिप्सींतील पर्यटकांना प्रवेशद्वारापर्यंत आणण्यासाठी अठरा आसनांची एक मिनीबस पुरे, पण आज त्यांच्यासाठी चार-पाच मोटारी वाघांच्या संचारमार्गातून धावतात, प्रवेशद्वारापाशी दिवसभर उभ्या राहतात आणि अंधारात परततात. वन्यप्राण्यांना होणारी धडक, धूळ, आवाज आणि गावाच्या जागेवर पडणारा वाहनतळाचा भार हे सर्व या मोटारींबरोबर येते.

सामुदायिक मिनीबस म्हणजे काय

सामुदायिक मिनीबस म्हणजे नफा मिळवण्याच्या मुख्य हेतूने नव्हे, तर एखाद्या भागातील लोकांची गरज भागवण्यासाठी, त्याच लोकांच्या संस्थेने चालवलेली, ठरलेल्या वेळी आणि ठरलेल्या मार्गाने धावणारी लहान बस. ब्रिटनमध्ये १९८५च्या परिवहन कायद्याने अशा संस्थांसाठी सोप्या परवान्याची स्वतंत्र तरतूद केली, आणि यॉर्कशायर डेल्स या ग्रामीण राष्ट्रीय उद्यानात ‘डेल्सबस’ नावाने रविवारी व सुटीच्या दिवशी धावणाऱ्या गाड्या अशाच एका लोकहितैषी कंपनीच्या पुढाकाराने चालतात. शहरातून भटकंतीसाठी येणारे आणि खेड्यातून शहरात जाणारे अशा दोघांनाही त्या उपयोगी पडतात. अमेरिकेतील झायन राष्ट्रीय उद्यानाने २०००पासून मुख्य दरीतील रस्त्यावर हंगामात खासगी मोटारी बंद करून उद्यानाच्या बस सुरू केल्या. भारतात केरळच्या परंबिकुलम व्याघ्र प्रकल्पात वनविभागाच्या मिनीबसमधून आणि स्थानिक आदिवासी मार्गदर्शकांच्या सोबतीने पर्यटकांना जंगल दाखवले जाते.

या उदाहरणांपैकी एकही जसेच्या तसे उचलण्यासारखे नाही, कारण ब्रिटनमध्ये सेवानिवृत्त स्वयंसेवक बस चालवू शकतो, पण गडचिरोलीतील तरुणाला त्या कामाचे वेतन हवे आहे. घ्यावा तो त्यांतील समान धागा : मोठी बस मुख्य रस्ता सांभाळते, लहान बस शेवटचा टप्पा सांभाळते, आणि दोहोंच्या वेळा एकमेकींशी जुळवलेल्या असतात.

एकाच गाडीचे दोन प्रवासी

या विचाराचे मर्म वेळापत्रकात आहे. मोहर्ली परिसरातून सकाळी आठच्या सुमारास निघणारी मिनीबस कामगारांना, विद्यार्थ्यांना आणि रुग्णांना चंद्रपूरला नेऊ शकते. तीच गाडी परतताना अप-डाऊन करणारे शिक्षक, आरोग्यसेविका आणि दिवसभरासाठी आलेले पाहुणे यांना गावाकडे आणू शकते. सकाळची सफारी आटोपलेले पर्यटक साडेदहाच्या फेरीने शहराकडे जातील, दुपारच्या सफारीसाठी येणारे पर्यटक आणि सकाळच्या महाविद्यालयातून सुटलेली मुले साडेबाराच्या फेरीत एकत्र बसतील, आणि संध्याकाळी बाजारहाट करून परतणारे गावकरी उतरले की त्याच गाडीतून सफारीहून परतलेले पर्यटक चंद्रपूरला पोहोचतील. केवळ पर्यटकांसाठी किंवा केवळ गावकऱ्यांसाठी धावणाऱ्या गाडीची एक बाजू नेहमी रिकामी जाते. दोघांसाठी धावणाऱ्या गाडीच्या दोन्ही बाजू भरतात आणि भारमानाचा प्रश्न मुळातच हलका होतो.

चंद्रपूर जिल्ह्यात या रचनेला आणखी एक गंभीर कारण आहे. ताडोबाच्या भोवती आणि ब्रह्मपुरी वनविभागात माणसे व वाघ एकमेकांच्या फार जवळ राहतात, आणि पहाटे किंवा संध्याकाळी पायी अथवा सायकलने जंगलातील रस्ता ओलांडणे जिवावर बेतू शकते. शाळेच्या मुलांना आणि मजुरांना बंद गाडीतून वेळेवर घरी पोहोचवणे हा येथे सोयीचा नव्हे, तर संरक्षणाचा भाग आहे.

गडचिरोलीत अशा सेवेचे केंद्र आलापल्ली ठरू शकते. तेथून भामरागडकडे जाणाऱ्या रस्त्यावर ‘वनवैभव’ हा सुमारे सहा हेक्टरांचा जुन्या वृक्षांचा राखीव पट्टा आहे, ज्याला २०१४मध्ये जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. पुढे १९७३मध्ये सुरू झालेला हेमलकसाचा लोकबिरादरी प्रकल्प आणि त्यापलीकडे इंद्रावती, पामुलगौतम व पर्लकोटा या नद्यांचा भामरागड येथील संगम आहे. सिरोंच्याच्या दिशेने कमलापूरचा हत्ती कॅम्प आणि वडधमचे जीवाश्म उद्यान लागते. उत्तरेला चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या काठावरील मार्कंडा येथे महाशिवरात्रीच्या यात्रेत एसटीच्या जादा गाड्या धावतात, परंतु एरवीच्या दिवसांत तेथे येणाऱ्या अभ्यासकाला नियमित जोडगाडीची गरज भासते. हेमलकशाच्या याच प्रकल्पाच्या दवाखान्यात दूरच्या पाड्यांवरून आणि सीमेपलीकडील छत्तीसगडमधूनही रुग्ण येतात. म्हणजे ज्या मार्गावर पाहुण्याला जायचे आहे, त्याच मार्गावर रुग्ण आणि त्यांचे नातेवाईकही वाहनाची वाट पाहत असतात.

परवाना, पैसा आणि मालकी

कायद्याची बाजू समजून घेतल्याशिवाय ही कल्पना कागदावरून रस्त्यावर येणार नाही. १९८८च्या मोटार वाहन कायद्यानुसार चालक वगळून सहापर्यंत प्रवासी नेणारे भाड्याचे वाहन ‘मोटर कॅब’ आणि सहापेक्षा अधिक व बारापर्यंत प्रवासी नेणारे वाहन ‘मॅक्सी कॅब’ समजले जाते. वाहतुकीचेही दोन प्रकार आहेत : थांब्याथांब्यावर प्रवासी घेऊन प्रत्येकाकडून वेगळे तिकीट आकारणे म्हणजे टप्पा वाहतूक, आणि ठरलेल्या गटासाठी संपूर्ण गाडी भाड्याने देणे म्हणजे कंत्राटी वाहतूक. महाराष्ट्रात शहरांबाहेरची टप्पा वाहतूक प्रामुख्याने एसटीच्या अखत्यारीत असल्यामुळे गावाच्या संस्थेने परस्पर तिकीट विकणे नियमात बसत नाही. म्हणून एसटीशी स्पर्धा करण्यापेक्षा एसटीशी करार करून तिची पूरक सेवा म्हणून मिनीबस चालवणे, हाच सरळ मार्ग आहे. लग्नाच्या वऱ्हाडासाठी आणि शाळांच्या सहलींसाठी एसटी पूर्वीपासून ‘प्रासंगिक करारा’वर गाड्या देते, आणि ‘आवडेल तेथे प्रवास’ या योजनेत चार किंवा सात दिवसांचा पासही देते. हाच पास गावाच्या मिनीबसमध्ये चालू लागला, तर पाहुण्याला आलापल्लीपासून संगमापर्यंत एकाच पासवर जाता येईल.

भांडवलासाठीही आधार आहेत. राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियानाखाली केंद्र सरकारने २०१७मध्ये ‘आजीविका ग्रामीण एक्सप्रेस योजना’ आणली, जिच्यात बचत गटातील सदस्याला मागास भागात प्रवासी वाहन चालवण्यासाठी साडेसहा लाख रुपयांपर्यंत बिनव्याजी कर्ज गटांच्या संघटनेमार्फत देण्याची तरतूद होती. वाहतुकीचे साधन गावातील स्त्रीच्या मालकीचे असू शकते, हे तत्त्व त्या योजनेने सरकारी पातळीवर मान्य केले. गडचिरोलीत तर २००६च्या वनहक्क कायद्याखाली हजाराहून अधिक गावांना सामूहिक वनहक्क मिळाले आहेत. मेंढा-लेखा हे २००९मध्ये असे हक्क मिळवणाऱ्या देशातील पहिल्या गावांपैकी एक. बांबू आणि तेंदूपानांचा लिलाव करून लाखोंचे व्यवहार उघड सभेत सांभाळणाऱ्या ग्रामसभांना एका बसचा हिशेब ठेवणे अवघड नाही.

खर्चाची विभागणी मात्र सुरुवातीलाच स्पष्ट असावी लागते. कर्जाचा हप्ता, विमा, योग्यता प्रमाणपत्र आणि चालकाचे वेतन हा गाडी उभी असली तरी येणारा स्थिर खर्च असतो, तर इंधन आणि टायर हा धावण्यानुसार बदलणारा खर्च असतो. १ जुलैपासून ३० सप्टेंबरपर्यंत ताडोबाचे गाभा क्षेत्र बंद राहते आणि पावसात भामरागडकडे पाहुणे फारसे येत नाहीत, पण शाळा सुरूच असतात. त्यामुळे पर्यटकांकडून थोडे अधिक भाडे घेऊन हंगामातील शिल्लक पावसाळी महिन्यांसाठी राखून ठेवणे, आणि गावकऱ्यांचे भाडे मात्र एसटीच्या दराइतकेच ठेवणे, हा या सेवेचा अलिखित नव्हे तर लेखी नियम असला पाहिजे.

पाहुणेपणाची मर्यादा

वाहतूक वाढली म्हणजे सर्व काही चांगलेच होते, असे नाही. एटापल्ली आणि भामरागडच्या जंगलात माडिया समाज राहतो, जिवतीच्या डोंगराळ भागात कोलामांची वस्ती आहे. त्यांची घरे, सण आणि नृत्ये ही प्रदर्शनाची वस्तू नाही. कोणत्या पाड्यावर गाडी थांबावी, कोणत्या दिवशी थांबू नये, छायाचित्रे कुठे घ्यावीत आणि कुठे घेऊ नयेत, हे ठरवण्याचा अधिकार त्या त्या ग्रामसभेचा आहे. गाडी गावाच्या मालकीची असेल, तर हा अधिकार पाळला जाण्याची शक्यता वाढते, कारण चालक आणि मार्गदर्शक त्याच समाजातील असतात आणि त्यांना संध्याकाळी त्याच गावात परतायचे असते. बाहेरच्या गाडीला मात्र ही बांधिलकी नसते.

म्हणूनच या सेवेचा क्रम उलटा होता कामा नये. पर्यटनासाठी आणलेली आणि गावाला उरलेल्या जागा देणारी बस हंगाम संपताच बंद पडेल. गावासाठी आणलेली आणि पाहुण्यांना सामावून घेणारी बस बारमाही टिकेल. राज्य परिवहन महामंडळ, वनविभाग आणि दोन्ही जिल्हा प्रशासनांनी चंद्रपूर–मोहर्ली आणि आलापल्ली–भामरागड या दोन मार्गांवर, ग्रामसभांच्या संमतीने आणि बचत गटांच्या मालकीने, पावसाळ्यासह पूर्ण एक वर्ष ही सेवा चालवून पाहावी आणि तिचा हिशेब जाहीर करावा. आणि या जंगलांकडे येणाऱ्या वाचकानेही मोटारीची किल्ली हाती घेण्यापूर्वी एसटीचे वेळापत्रक एकदा पाहावे, कारण मागणी दिसल्याशिवाय कोणतीही फेरी वाढत नाही, आणि पाहुण्याने भरलेले प्रत्येक आसन जंगलातील एका गावाची बस चालू ठेवण्यास हातभार लावते.